लाभ, एरडु, मूरु

दुकान 'बंद केलं' म्हणायचं नाही आमच्यात.
'वाढवलं' म्हणायचं.
साखर संपली तरी, साखर वाढली.
पोत्याच्या तळापर्यंत हात घालून, कोपर पांढरं करून
आज्जा गिऱ्हाइकाला सांगायचा,
वाढली गा, उद्या ये.
मला वाटायचं, तळाशी अजून असणार.

पणजा विरुपाक्ष आंबोलीचा घाट चढून
बैलांच्या पाठीवरनं मीठ आणायचा.
त्याचं दुकान म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारात
अंथरलेलं एक गोणपाट.
पाऊस आला की भांडवल विरघळायचं,
असं आज्जा सांगायचा आणि हसायचा,
जसं काय तो तिथं छत्री धरून उभा होता.

मग दोन खणांची जागा. पुढं नऊ फळ्या,
रात्री एकेक खाचेत सरकवायच्या.
डांबरानं नंबर घातलेले, दोन ते नऊ.
पहिलीवर आकडा नाही, 'लाभ'.
मापटं मोजतानाही तसंच:
लाभ, एरडु, मूरु...
भांडण मराठीत व्हायचं, धान्य कानडीत मोजलं जायचं.

शेर जाऊन किलो आला तेव्हा
नूलची गंगव्वा नव्या वजनाला बोट टोचून म्हणाली,
ह्यात पोकळ काय भरलंय?
वर्षभर आज्जानं तिला शेरानंच दिलं.
निरीक्षक दिसला की शेर मिरचीच्या पोत्यात.
एकदा त्यानं पोत्यात हात घातलाच,
आणि शिंकत शिंकत थेट स्टँडवर गेला.
संकेश्वरी मिरचीनं आमची अब्रू राखली.

बहात्तरची वही मी उघडून बघितलीय.
नावं, नावं, नावं. मिलो, मिलो, अर्धा पावशेर तेल.
जमेची बाजू कोरी.
वसुली झाली का, विचारलं तर आज्जा म्हणाला,
ह्यातली निम्मी माणसं तुझ्या आईच्या लग्नात
पंगतीला वाढायला होती.
तेवढंच. वही परत लाल फडक्यात.

पाटीवर रंगवलेलं होतं, 'हेब्बाळे आणि सन्स'.
माझी आई शिवलीला सन्समध्ये बसत नव्हती.
गल्ल्यावर बसायची.
अप्पा कोल्हापूरला, लक्ष्मीपुरीत माल भरायला गेले
की दिवसभर तीच:
पेपरचा कोन, वर दोऱ्याचे दोन वेढे,
दात न लावता, बोटाला पीळ देऊन एक झटका.
तिच्या तर्जनीवर ती खाच अजून आहे.
भाजी चिरताना विळीला नाही, त्या खाचेला जपते.
दिवे लागल्यावर कुणी मीठ मागितलं
तर 'सकाळी ये' म्हणायची, आणि पोर रडायला लागलं
तर मीठ न म्हणता मीठ द्यायची.

मॉल आला म्हणून, घरपोच आलं म्हणून,
असं सांगता येतं, आणि लोक मान हलवतात.
खरं म्हणजे अप्पांचा गुडघा गेला.
मी पुण्यात, महादेव बेळगावात,
आणि 'तू बसतोस का, तू बसतेस का'
हे कुणी कुणाला विचारलंच नाही.
चहा पिऊन झाला, आणि ठरलेलं होतं.

शेवटच्या दिवशी उरलं होतं
थोडा हिंग, एक खोबऱ्याची वाटी,
पाऊण डबा काडेपेट्या.
अप्पांनी फळ्या स्वतः लावल्या.
नऊ, आठ, सात. मध्ये एकदा बसले.
लाभ सगळ्यात शेवटी.
समोरून सायकलवाल्या इनायतचाचांनी रोजच्यासारखं विचारलं,
वाढवलं काय, अण्णा?
वाढवलं, अप्पा म्हणाले.
शब्द रोजचाच. रस्त्यात कुणी थांबलं नाही.

आता तिथं काच आहे, आत मोबाइलची कव्हरं.
भाडं वेळेवर येतं.
पाच नंबरची फळी वॉशिंग मशीनखाली आहे,
सहा आणि सातवर लोणच्याच्या बरण्या.
परवा माळा साफ करताना मी म्हटलं,
आई, लाभ कुठं हरवली गं?
ती खालूनच ओरडली,
असेल की कुठंतरी.
हरवली म्हणू नको.